सुमनताईंचा दात

दुपारपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या शेजारच्या सुमनताई इथे पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत घरीच साड्यांना लेस लावतात. धागा तोडायला कात्री घेत नाहीत, दातानेच तोडतात. समोरचा दात ठणकत होता, म्हणून सकाळी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "दात वाचेल, पण तो खर्च मोफत उपचारांच्या सरकारी कार्डात बसत नाही. काढायचा तर फुकट."

"काढून टाका मंग," ताई म्हणाल्या.

घरी येऊन लगेच कामाला बसल्या. सवयीनं धागा ओठांपाशी नेला, थबकल्या आणि माझ्यापुढे धरला. "तूच तोड वं माय."

मी तोडला. बाहेर प्रचाराची रिक्षा त्याच कार्डाचे गोडवे गात गेली.

तेव्हापासून माझी जीभ सारखी माझ्या समोरच्या दातावर फिरतेय. मत मागायला येतील, तेव्हा त्यांना ताईंच्या दाताचं कोण विचारणार?