पाण्याचा पदर

धायरीतल्या त्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये रतन शिरसाट बावीस वर्षं पत्र्यांवर पाणी ओतत आली होती. धुतलेला पत्रा उभा धरायचा, वरच्या कडेवरून तांब्याभर पाणी सोडायचं आणि बघायचं. स्वच्छ धातू पाण्याला ओढून घेतो. पाणी पदरासारखं सलग खाली उतरतं. कुठे तेलाचा अंश उरला असेल, तर तिथे पाणी परकं होतं, स्वतःलाच घट्ट धरतं, थेंब होऊन बसतं. तिथला रंग आज ना उद्या सुटणारच.

येत्या सोमवारपासून तपासणीच्या कागदावर मालकांऐवजी तिची सही चालणार होती.

दसरा झाला आणि साठ पत्र्यांचा पहिला लॉट धुऊन निघाला. पहिल्यावरच पाणी फाटलं. दुसऱ्यावरही. दहाव्यानंतर तिने तांब्या खाली ठेवला.

"अहो रतनताई, चमकतायत की आरशासारखे," मालक संजयशेठ म्हणाले. "दुपारी रंग देऊन संध्याकाळी टेम्पो भरायचाय."

"चमकायला काय, टक्कलही चमकतं."

शेठनी डोक्यावरून हात फिरवला. "मग साबण खराब आला म्हणायचा?"

साबणाचा डबा कालच फोडलेला. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. रतनने वर पाहिलं. पत्रे टांगायच्या आकड्यांवर अजून हळदीकुंकू होतं. खंडेनवमीला, पूजेआधी, देवापुढे कळकट दिसू नयेत म्हणून तिनेच ते तेलाच्या फडक्याने पुसले होते. तेच आकडे पत्र्यांसकट धुण्याच्या टाकीत उतरले. तेल वर तरंगलं आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक पत्र्याला लागलं.

"साबण चांगलाय. आकड्यांना मी तेल लावलं, पूजेला."

"तुम्ही? आम्हाला पत्र्याला बोट लावू देत नाही, आणि तुम्ही?"

"मीच. आणि हा माल रंगात जायचा नाही, हेही मीच सांगतेय."

"सोमवारपासून सही देणार होतो मी तुम्हाला," शेठ तिरकस हसले.

"सोमवारपर्यंत हे पत्रे थांबतील होय?"

तिने कागद ओढला, साठ नगांपुढे 'नापास' लिहिलं, कारणाच्या रकान्यात स्वतःची चूक लिहिली आणि खाली सही केली. शेठनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाले, "माल उद्या मिळेल. आमच्या तपासणीसबाईंनी अडवलाय."

रतनने टाकीचा नळ उघडला. तेलकट पाणी गटाराकडे वाहू लागलं.