हळदीच्या खोलीत झोपणारी माणसं

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. आखाडा बाळापुरात घरी बसून रसायनशास्त्रावर लिहायचं ठरवा, ते स्वतःच चपला काढून आत येतात. हसायचे आधी येतात. बाकीचे मागून येतात आणि मग जात नाहीत.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी केली आणि आता फ्रीलान्स लिहिते. केमिस्ट्री, बायोटेक, सस्टेनेबिलिटी. कधी मासिकांना, कधी वेबसाइटना, कधी कंपन्यांना. हे आमच्या घरात कुणालाही समजावून सांगता येत नाही. मागे पाहुणे आले (मला पाहायलाच!), त्यांनी विचारलं, "पोरगी काय करती?"

आमचे आजोबा, म्हणजे आबा, म्हणाले, "टायपिंग करून राहिली."

"कोन्या हापिसात?"

"घरीच. लग्न होईस्तोवर करंल, मंग सुटंल."

जसा काही तापच आलाय मला!

*

आमच्या घरात रेंज फक्त मधल्या खोलीत येते, आणि मधल्या खोलीत हळद असते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरलेली, भाव चढायची वाट पाहणारी. एका कंपनीच्या मॅडमशी माझा व्हिडिओ कॉल तिथूनच चालला होता. विषय पर्यावरणपूरक पॅकेजिंग. माझ्या मागे छतापर्यंत लावलेली पोती पाहून मॅडम हरखल्या. "किती ऑथेंटिक बॅकग्राउंड आहे गं तुझं! अगदी सस्टेनेबल!"

मला मात्र मघापासून लसणासारखा वास येत होता, आणि घरात कुणी लसूण सोलत नव्हतं.

कॉल संपवून मी ताडपत्री उचलली. पोत्यांच्या फटींत फडक्याच्या पुरचुंड्या, आत किडे मारायच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो किडा मारतो आणि माणूसही मारतो. त्यावर उतारा नाही. माणसं बाहेर काढून, बंद गोदामात वापरायची ती चीज. आमच्याकडं त्याच खोलीत माझी वहिनी आणि तिची तीन वर्षांची परी झोपतात, कारण चोराच्या भीतीनं हळदीपाशी माणूस लागतं. दादा पुण्याला कामाला.

"आबा, हा वास कसला?"

"औषदाचा. वास येऊन राहिला म्हंजे बराबर काम करून राहिलं."

"अन् वहिनीचं रोज सकाळी डोकं दुखतं, ते?"

"रातभर मोबाईल पाहून राहती, मंग दुखंल न्हाई त काय!"

वहिनीकडं बटणांचा फोन आहे!

*

मी खिडकी उघडली की आबा लावायचे. मी उघडायची, ते लावायचे. एकदा मी सरळ वहिनीचं अंथरूण उचलून ओसरीवर नेलं. दिवेलागणीला वहिनीनंच ते परत आत नेलं.

"वहिनी, मरायचंय का तुम्हाला?"

"ताई, तुमी लग्न करून जासाल. मला इथंच राहायचं हाये."

बाबांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. बाबा म्हणाले, "मोठ्यांच्या पुढं कसं बोलावं?" बाबांचे स्वतःचे केस पांढरे झालेत!

*

मी तावातावानं कृषी केंद्रात गेले. दुकानदार गोळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून सुट्या देत होता.

"काका, अशा सुट्या काहून देता? डबी उघडली की वायू सुटायला लागतो. माणूस मरतं यानं!"

"म्हनूनच त सुट्या देतो, ताई," तो लहान मुलीला समजावावं तसं म्हणाला. "अख्खी डबी घरात ठेवनं लई धोक्याचं!"

*

घरात कुणी ऐकत नाही, तर निदान छापून यावं म्हणून मी यावर लेख लिहिला आणि शेतीच्या एका मासिकाला पाठवला. संपादकांचा फोन आला. "लेख उत्तम आहे, पण 'मृत्यू' हा शब्द वाचकाला खाली ओढतो. 'अस्वस्थता' करू या का?"

"सर, मेलेला माणूस अस्वस्थ नसतो."

ते मनमोकळं हसले. महिन्यानं लेख आला. मथळा: 'साठवणुकीतून समृद्धी'. समोर पानभर रंगीत जाहिरात.

त्याच गोळ्यांची!

*

आबा गावात एकाच माणसाचं ऐकतात, ते म्हणजे आमच्या शाळेतले विज्ञानाचे रिटायर्ड सर. मी त्यांच्याकडं गेले, सगळं सांगितलं. सर आले. मधल्या खोलीत बसून चहा प्याले. वायूची समीकरणं मला विचारली, माझी उत्तरं बरोबर आली म्हणून मान डोलावली. मग आबांच्या देखतच म्हणाले, "बाळ, तुझं सायन्स बराबर हाये. पन वडीलधाऱ्यांशी बोलायची एक रीत असती."

जाताना आबांकडून दोन गोळ्या घेऊन गेले. त्यांच्या गव्हाला पोरकिडे झाले होते.

*

मग शिरड शहापूरकडल्या एका गावात आबांच्या मित्राची सून गेली. सकाळी उठलीच नाही. शेजारी निजलेल्या लेकराला ओकाऱ्या होत होत्या. त्याला दवाखान्यात नेलं, ते वाचलं.

आम्ही बसायला गेलो. ओसरीवर माणसं, आत बायका. जो तो म्हणत होता, "अटॅक आला." माझ्या वयाची होती ती!

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आतल्या खोलीत डोकावले. पोती, ताडपत्री, तोच वास. बाहेर येऊन मी आबांना म्हटलं, "आबा, हा अटॅक नाही."

तेवढ्यात त्या घरच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं आतून हळकुंडांची मूठ भरून आणली, उजेडात धरली आणि पारखून म्हणाला, "माल मातर निर्मळ राहिला. एक किडा न्हाई."

आबा त्याच्या मुठीकडं बघत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर उघडून बसले होते. आबा येऊन समोर खाटेवर टेकले. आजवर ते माझ्या कामापाशी कधी आले नव्हते.

"त्या वायूचं लिवलं व्हतं ना तू? वाच बरं."

मी माझा मूळ लेख वाचला. मध्ये थांबवलं नाही त्यांनी. संपल्यावर विचारलं, "लेकराला लवकर बाधतंय?"

"हो."

"म्हाताऱ्या मानसाला?"

"सगळ्यांनाच, आबा. गोळ्या काढून टाका, खोली उघडी ठेवा."

"अन् मालाला किडा लागला म्हंजे? तुज्या बापानं काय खावं?" त्यांनी मधल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. "फटीतून बाहेर येतो म्हन्तीस तो वायू?"

"फटीतूनही येतो."

"बरं," म्हणाले आणि उठले. स्वतःच्या हातानं परीची गोधडी, तिची बाहुली, वहिनीचं अंथरूण बाहेर काढलं आणि पार लांबच्या खोलीत, स्वैपाकघरापलीकडं नेऊन टाकलं. वहिनी भिंतीला टेकून रडत होती. मी अंगणात जाऊन दादाला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "आबांनी ऐकलं! आबांनी माझं ऐकलं!"

दिवेलागणीला मी अंगणात होते. आबा आपली गादी काखेत घेऊन मधल्या खोलीकडं निघालेले दिसले. हातात काठी.

"आबा, हे काय?"

"हळदीपाशी मानूस नको?"

मी धावले, तोवर आतून कडी लागली होती. मी दार बडवत होते आणि खाली उंबऱ्याच्या फटीत आतून धोतर खुपसलं जात होतं, नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बोंबलू नको," आबा आतून म्हणाले. "लेकराकडं येऊ नाई म्हनून लावून राहिलो."