दादारावांचा कान

संविधान दिन, प्रजासत्ताक दिन आणि दादारावांच्या शोकसभेचा दिवस. या तीन दिवशी दारव्ह्यातील एकाच सभागृहात एकच गाणे वाजवण्यात आले आणि तिन्ही वेळा त्याविषयी एकच असत्य विधान करण्यात आले. जबाबदार व्यक्ती तीन आहेत: ते विधान करणारे कार्यक्रम समितीचे अध्यक्ष, त्यांना ते लिहून देणारे सचिव, आणि सत्य ठाऊक असूनही त्यावर टाळ्या मागणारे निवेदक. त्यांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. ती सांगण्याची संधी त्यांना आहे. पण ज्यांच्यावर हा अन्याय झाला ते दादाराव कोण होते, हे त्यांना कधीही न भेटलेल्या वाचकांना आधी कळले पाहिजे.

मी उमरखेडच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि दारव्ह्यात घर घेतले. माझ्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत. पलीकडे दादाराव राहत. तेही न्यायालयातलेच, निवृत्त लघुलेखक. निवृत्तीनंतर त्यांनी गाण्यांचे ध्वनिमिश्रण शिकून घेतले होते. म्हणजे वेगवेगळी ध्वनिमुद्रित केलेली ढोलकी, पेटी आणि गळे संगणकावर एकत्र आणून प्रत्येकाला त्याची जागा द्यायची. त्यासाठी स्टुडिओत असतात तसले दोन मोठे स्पीकर त्यांनी घेतले होते. त्यांना मॉनिटर म्हणतात. एकच ढोलकी दुपारभर भिंतीतून येत राहिली, तेव्हा मी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा हवाला देऊन त्यांना लेखी सूचना दिली. ती सूचना कायदेशीर होती आणि आजही माझे मत तेच आहे.

संध्याकाळी दादाराव दारात उभे. गळ्यात हेडफोन, हातात लॅपटॉप. नमस्कार न करता त्यांनी ते हेडफोन सरळ माझ्या डोक्यावर चढवले.

“ऐका साहेब, भिंतीतून तुमाले नुसता ठोका येते. गाणं त इकडंच राह्यते. अर्धं ऐकून काहून नोटीस देता?”

मी ऐकले. खरोखर, तो ठोका गाण्याचा अगदी लहान भाग होता. मी म्हणालो, “गाणे उत्तम आहे. सूचना कायम आहे.”

ते इतके हसले की माझी पत्नी कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मॉनिटर सतरंजीत गुंडाळून माळ्यावर गेले. पुढचे सगळे काम त्यांनी हेडफोनवरच केले, आणि भेटेल त्याला माझी ओळख करून देत, “हे आपले साहेब. यायच्यामुळं माहा कान सुधरला.”

हेडफोनवर मिश्रण करू नये, असे या विषयातले जाणकार सांगतात. दादारावांना ते मान्य होते. “हेडफोन म्हंजे गोडबोल्या साक्षीदार,” ते म्हणत. “डाव्या कानातलं उजव्या कानाले कळू देत नाही. जे सांगन ते एकदम झ्याक सांगन. पण उलटतपासणी झाल्याबिगर निकाल नाही द्यायचा.” आवाज लहान ठेवायचा, मधूनमधून हेडफोन काढून अंगणात फिरायचे, ही त्यांची शिस्त. “थकलेला कान खोटी साक्ष देते, साहेब.” उलटतपासणीची जागाही ठरलेली होती: दारव्ह्याहून आर्णीला जाणारी प्रवासी जीप. मिश्रण झाले की ते गाणे जीपच्या चालकाला वाजवायला देत, त्याच्या शेजारी बसत आणि प्रवाशांची तोंडे पाहत आर्णीपर्यंत जात. पुढच्या जीपने परत. आर्णीत त्यांचे काहीही काम नसे.

आमच्या वस्तीतल्या पाच बायकांनी संविधानाच्या उद्देशिकेवर एक गाणे रचले. त्यात कुसुम होती. ध्वनिमुद्रण आमच्याच बैठकीच्या खोलीत झाले. आवाज घुमू नये म्हणून दादारावांनी घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, पंखा बंद केला आणि मला खुर्चीसकट अंगणात काढले. “साहेब, तुमी श्वाससुदा कायद्यानं घेता. तो ऐकू येते.”

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावले आणि हेडफोन पुढे केले. पाच जणी माझ्याभोवती अर्धवर्तुळात बसून गात आहेत, असे वाटले. अगदी डावीकडून एक किंचित खरखरीत, पण स्वराला घट्ट धरून राहणारा आवाज आला. तो कोणाचा, हे मला क्षणभर ओळखता आले नाही. ती कुसुम होती. ज्या आवाजाने इतकी वर्षे मला जेवायला हाक मारली, तो गातो कसा, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मी हेडफोन काढले नाहीत. दादारावांनी मागितलेही नाहीत. माझ्यावर त्यांचे जे ऋण आहे, ते हे.

उलटतपासणीला मीही गेलो. जीप बाजारातून निघाली, गाणे सुरू झाले. चार आवाज आले. पाचवा नाही.

“माझी पत्नी कुठे गेली?” मी मोठ्याने विचारले.

मागून एक म्हातारी म्हणाली, “घरी असन ना बाप्पा! जीपीत कायले शोधता?”

सगळी जीप हसली. चालक म्हणाला, “काका, डाव्या साइडचा स्पीकर दिवाळीपासून मेला हाय.”

कुसुमचा आवाज दादारावांनी पूर्ण डाव्या बाजूला ठेवला होता. हेडफोनमध्ये ते सुंदर वाटे. जीपमध्ये ती बाजूच नव्हती. दादाराव मात्र हसले नाहीत. “चूक स्पीकरची नाही, माही हाय,” ते म्हणाले. “आपल्या इकडं कोणत्या गाडीत दोनी स्पीकर चालू असते? एक बंद पडला म्हून बाई गायब झाली, हे चालन का?” घरी येऊन त्यांनी सगळे मिश्रण मोडले आणि नव्याने केले. आता पाचही आवाज दोन्ही बाजूंना होते, फक्त कोणी जरा इकडे झुकलेले, कोणी तिकडे. पुढच्या खेपेला जीपमध्ये कोणी काहीच बोलले नाही. एका बाईने मात्र उतरताना चालकाला विचारले, “बावा, हे गानं माह्या मोबाइलात टाकून देतं का?” दादारावांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

संविधान दिनाला ते गाणे वाजले. अध्यक्षांनी माइकवरून सांगितले, “हे गीत नागपूरच्या अद्ययावत स्टुडिओत तयार करण्यात आले आहे,” आणि सगळे ठाऊक असलेल्या निवेदकांनी त्यावर टाळ्या मागितल्या. मी सचिवांना गाठले. ते शांतपणे म्हणाले, “काका, घरी हेडफोनवर केलं म्हटलं तर पाहुण्यांना हलकं वाटतं.”

मी दादारावांना म्हणालो, “आपण मोठ्या मनाचे आहात, आपल्याला राग आला नसेल, पण मी पत्र लिहिणार.”

“आला ना राग!” ते उसळले. “राग नाही आला असं लिहू नका. माहं नाव नाही घेतलं त नका घेऊ. पण स्टुडिओ कायले म्हनता? उद्या गावातली एखादी पोरगी म्हनन, आपल्याजवळ स्टुडिओ नाही, म्हंजे आपल्यानं होतच नाही. घरी झालं, एवढं सांगा म्हना.”

मी पत्र दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. प्रजासत्ताक दिनाला तेच वाक्य पुन्हा उच्चारले गेले. दादाराव तेव्हा आजारी होते. मी परत आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “घरी म्हनले का?” मी नाही म्हणालो. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. उन्हाळा लागताना ते गेले.

शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना “निष्ठावान लघुलेखक आणि संगीताचे शौकीन” म्हटले. मग श्रद्धांजली म्हणून तेच गाणे लावले आणि सवयीने, होय, निव्वळ सवयीने, म्हणाले, “नागपूरच्या स्टुडिओत तयार झालेले हे गीत...”

कुसुम उभी राहिली. चारचौघांत ती कधी बोलत नाही. “नागपूर नाही,” ती म्हणाली. “आमच्या घरी गायलो. दादारावभाऊनं त्यायच्या घरी बनवलं. कानाले हेडफोन लावून.”

अध्यक्ष हसून म्हणाले, “ताई, त्यावर नंतर बोलू.”

दादारावांमुळे मला ऐकणे समजले आणि माझ्या पत्नीचा आवाज मिळाला. ही कृतज्ञता माझी खाजगी बाब आहे. मात्र जे असत्य माइकवरून सांगितले गेले ते सार्वजनिक आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवलेले मी स्वीकारणार नाही. त्याच सभागृहात, त्याच माइकवरून, गावातल्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात ते दिले जावे. अध्यक्ष महोदय, माझ्या पत्नीला आपण जे ‘नंतर’ म्हणालात, ते आता आले आहे. सांगा, ते गाणे कोठे तयार झाले?