साहेबरावांना बसून वाजवायचं होतं

बजाजनगरात साहेबरावांना कुणी विचारलं, "काका, आयुष्यात राहून काय गेलं?" तर घराचं नाही सांगायचे, गाडीचं नाही सांगायचे. म्हणायचे, "एकदा खुर्चीवर बसून वाजवायचं राहिलं बघ. समोर माणसं गप बसल्यात, ऐकायलेत, अन् मी वाजवायलोय." ऐकणारा हसायचा. हसू दे! ज्यानं तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये रस्त्यानं चालत सॅक्सोफोन वाजवला, त्याचं दुखणं त्यालाच ठाऊक.

पण काय दिवस होते हो ते! एरवी वाळूजच्या कारखान्यात मशीनवर, अन् लग्नसराई लागली की सुट्टी टाकून शहागंजातल्या बँडच्या दुकानात हजर. लाल कोट, सोनेरी झालर, टोपीला तुरा. मे महिन्यात तो कोट असा तापायचा की घाम पाठीवरून थेट बुटात. आज पैठणची वरात, उद्या खुलताबादची. बँडमास्तर मागून शिट्टी मारायचे, की चाल बदलायची. पुन्हा शिट्टी, की बंद. शिट्टीशिवाय जो थांबला त्याची मास्तर सगळ्यांदेखत इज्जत काढायचे. अन् भीमजयंतीला क्रांती चौकातून निघाले की साहेबरावांची छाती अशी भरून यायची की काही विचारू नका. त्या दिवशी तहान नाही, भूक नाही. आताही त्या दिवसांचं नाव काढलं की त्यांचा चहा हातातच गार होतो.

मग डीजे आले अन् बँडचं दुकान बसलं. मास्तरांनी शटर ओढताना सॅक्सोफोन साहेबरावांच्या हाती दिला. "ने रे. तुझ्याच तोंडची सवय आहे त्याला." घरी आणला खरा, पण वाजवायचा कुठं? भिंतीला भिंत लागून खोल्या, अन् शेजारी तिन्ही पाळ्यांचे कामगार. कधीही बघा, कुणी ना कुणी झोपलेलंच! सॅक्सोफोनच्या पेटीला हात लागला रे लागला की मालनबाई डोळे वटारायच्या. "अहो, पलीकडचं लेकरू आत्ता कुठं डूटीवरून येऊन पडलंय. काय जीव घेता का त्याचा?" बायकोपुढं कुणाचं चाललंय? सॅक्सोफोन पलंगाखाली गेला, तो साहेबराव कारखान्यातून रिटायर होईपर्यंत तिथंच राहिला.

एक दिवस लेक रूपाली मोबाइल नाचवत आली. विद्यापीठात संगीताच्या विभागानं जॅझ वाजवणाऱ्यांचा गट काढला होता. सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं की निवड चाचणी देता येत होती, अन् वयाची अट नव्हती.

"जॅझ म्हंजे काय गं?"

"सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची पप्पा, मग एकेकानं ती आपल्या मनानं फिरवायची."

"हात्तिच्या! नवरदेवाचा फेटा बांधून व्हईस्तोवर आमी दुसरं काय करीत व्हतो?"

रूपालीनं तिथल्या तिथं फॉर्म भरला.

चाचणीला साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाकीची पोरं नातवंडं शोभतील अशी. शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडम तिशीच्या आतल्या, पण बोलणं गोड. म्हणाल्या, "काका, आधी सगळे मिळून, मग एक फेरी तुमची एकट्याची. मी मान हलवली की थांबायचं." साहेबरावांनी व्हय म्हटलं, सूर धरला, अन् जन्माच्या सवयीनं दाराकडं तोंड केलं. वरातीत कुणी मागं बघतं का? वाजवणाऱ्यानं रस्त्याकडं बघायचं असतं. मॅडमनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग दोन्ही हात हलवले. साहेबराव आपले वाजवतायत! पाच मिनिटं झाली, दहा झाली. ड्रमवरच्या आकाशचे हात दुखून आले, गिटारवालीनं गिटार मांडीवर ठेवली. शेवटी मॅडमनी येऊन खांद्याला हात लावला, तसे साहेबराव दचकले.

"शिट्टी कुठं झाली?"

पोरं पोट धरून हसली. मॅडम हसल्या नाहीत. "काका, हात तयार आहे तुमचा. पण दुसऱ्याला जागाच देत नाही तुम्ही." दोन दिवसांनी फळ्यावर यादी लागली. साहेबरावांनी ती चष्मा पुसून पुसून तीनदा वाचली. नाव नव्हतं.

लई लागलं त्यांच्या मनाला. बसनं घरी आले, जेवले नाहीत. मालनबाईंनी सुनावलंच, "म्हातारपणी कशाला पायजेत ही सोंगं?" रात्रभर त्यांनी कूस बदलली, अन् सकाळी पुन्हा विद्यापीठात जाऊन मॅडमसमोर उभे राहिले. "वाजवायचं येतंय मला. थांबायचं तेवढं शिकवा."

मॅडमनी ते काम आकाशकडं सोपवलं. रोज दुपारी विभागामागच्या कडुलिंबाखाली साहेबरावांना पाठ फिरवायची बंदी! आकाशच्या तोंडाकडं बघत वाजवायचं, त्यानं भुवई उचलली की सूर सोडायचा. पहिला महिना भुवई उचलून उचलून पोराचं कपाळ दुखलं. दुसऱ्या महिन्यात जमायला लागलं, पण ध्यान सगळं त्या भुवईवर; आपण काय वाजवतोय ते ऐकायला सवड कुठं? पुढं दोघं एकाच डब्यात जेवायला लागले, अन् साहेबराव त्याला मास्तरांचे किस्से सांगायला लागले. दिवाळीनंतर पुन्हा चाचणी झाली. या वेळी फळ्यावर नाव होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी विद्यापीठाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मॅडम म्हणाल्या, "काका, एकट्याच्या फेरीला उभं राहून वाजवायची पद्धत आहे." साहेबरावांनी हात जोडले. "मॅडम, जन्मभर उभ्यानंच वाजवलं. येवढ्या वेळी मला बसू द्या." मॅडमनी स्वतः खुर्ची उचलून मधोमध आणून ठेवली.

मालनबाई नव्या लुगड्यात, रूपालीला धरून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांची मिळून चाल झाली, मग बाकीचे थांबले. आकाशनं काठ्या खाली ठेवून नुसत्या तारांच्या ब्रशनं ड्रम कुरवाळायला घेतला. साहेबराव वाजवायला लागले. समोर दोनशे माणसं, कुणी हलेना, कुणी बोलेना. वरातीत माणसं अशी चिडीचूप झाली म्हणजे काहीतरी बिघडलं समजायचं! क्षणभर वाटलं, उठून जावं. पण बोटं थांबली नाहीत. हळूहळू भीती ओसरली, अन् त्यांनी डोळे मिटून घेतले. फेरी संपत आली तसे उघडले, आकाशकडं बघितलं, सूर अलगद सोडला. मग जी टाळी पडली, ती संपता संपेना.

बाहेर पायऱ्यांवर मालनबाई पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या. साहेबराव पेटी घेऊन आले, तशा त्या रागानंच म्हणाल्या, "अहो, येवढं ग्वाड वाजवता व्हय तुमी? पस्तीस वर्सं संसार केला, मला कधी कळू दिलं नाय!"

साहेबराव पेटी खाली ठेवून पायरीवर बसले.

"मला तरी कुठं माहीत व्हतं, मालन? त्या ढोलताशात माझं मलाच कधी ऐकू आलं नाय. आज पयल्यांदा ऐकलं."