गौरव्वाचे पाच दिवस

“कॉलरा आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मनगटाला नाडी लागत नाही. किती वेळ घरात ठेवलंत हिला?”

मी म्हटलं, “मला पाच वाजता कळलं.”

हे पूर्ण खरं नव्हतं. सकाळी दहा वाजता मी तिचा चेहरा पाहिला होता.

नर्सने कागद पुढे ओढला. “पेशंट तुमची कोण?”

“आमच्याकडे येते. माझ्या सासऱ्यांचं सगळं तीच करते.”

“ते झालं. नातं काय?”

नर्सने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची, हुबळीची. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि त्याच्यासाठी रोज कुणीतरी बाई येते, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाल्यावर दीड वर्षात त्यांना पॅरॅलिसिस झाला, म्हणजे अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. हे रेल्वेत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. सासूबाई आधीच गेलेल्या. अप्पांजवळ बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून कमरीपेठेतून गौरव्वा येऊ लागली.

ती चाळिशीची असेल. नवरा नव्हता. एकुलती मुलगी मल्लव्वा कलघटगीला दिलेली. गौरव्वाला मराठी समजायचं, बोलायची मात्र मराठी-कन्नड मिसळून. दवाखान्यातून अप्पांना घरी आणताना तिथल्या नर्सने मला जे शिकवलं होतं, ते मी तिला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला, माकडहाडाला, टाचांना हात लावून बघायचं. कातडी लाल दिसली तर तिथे बेडसोअर होणार, म्हणजे एका अंगावर पडून पडून होणारी जखम. भरवताना मान उचलून धरायची, नाहीतर घास श्वासनळीत जातो.

तीन वर्षांत अप्पांच्या अंगावर एकही जखम झाली नाही. डॉक्टर बघायला आले की मलाच शाबासकी द्यायचे. मीही ती घ्यायचे.

त्या वर्षी गावात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येत होतं. लोक मिळेल तिथलं पाणी भरत होते. आधी जुन्या हुबळीतून जुलाब-उलट्यांचे पेशंट येऊ लागले, मग सगळीकडून. शाळा बंद झाल्या. सरकारी दवाखान्यात व्हरांड्यात चटया टाकून माणसं ठेवली होती.

सांसर्गिक वॉर्डाच्या डॉक्टरबाई माझ्या एका विद्यार्थिनीच्या मावशी. त्या एके दिवशी आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, “ही साथ काही आपल्या गावापुरती नाही. कित्येक वर्षं देशोदेशी फिरते आहे. आमच्याकडे खाटा नाहीत. पण या गावात रोग्याजवळ बसायचं काम करणाऱ्या बायका आहेत ना, तुमच्या गौरव्वासारख्या? त्यांना शिकवलं तर माणसं घरातच वाचतील. तुम्हाला शिकवता येतं. मी काय सांगायचं ते सांगते.”

आमच्या पुढच्या खोलीत नऊ जणी जमल्या. पाच दिवस, रोज दुपारी. पाणी उकळून गार करायचं. एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जितकं बाहेर पडतं तितकं आत गेलं पाहिजे. उलटी झाली तरी थांबायचं नाही, दहा मिनिटांनी पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची; ती तशीच उभी राहिली तर डिहायड्रेशन झालं, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलं. मग वाट न बघता दवाखाना. घाणीचे कपडे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. प्रत्येक वेळी हात साबणाने.

माझं कन्नड पुस्तकी. बायका मान हलवायच्या, पण कळत नाही हे दिसायचं. दुसऱ्या दिवशी गौरव्वा उठून उभी राहिली. “अक्का, आमच्या घरात मापाचा चमचा कुठला? असं दाखवा की.” तिने तळहातावर साखरेची मूठ आणि तीन बोटांची मिठाची चिमूट धरली, आणि त्यांच्या बोलीत सगळं पुन्हा सांगितलं. साखर का घालायची हेही तिने डॉक्टरबाईंकडून नीट विचारून घेतलं होतं. साखर असली तरच आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं. नुसतं मीठ घातलं तर उलट नुकसान.

शेवटच्या दिवशी निंगव्वा नावाच्या एका बाईने विचारलं, “आणि आम्हालाच लागलं तर?”

मी म्हटलं, “हात नीट धुतलेत तर नाही लागणार.”

यापुढे काही सांगावं असं मला वाटलं नाही. डॉक्टरबाईंनाही नाही.

त्यानंतर गौरव्वा सकाळी आमच्याकडे आणि दुपारनंतर कमरीपेठेतल्या घरांत जायची. एका विणकराच्या बायकोला तिने पहाटेपासून दुपारपर्यंत चमच्याने पाणी पाजून वाचवलं. मला हे त्या विणकराने येऊन सांगितलं, तिने नाही.

साथ जरा उतरल्यावर शाळा उघडल्या. त्या गुरुवारी गौरव्वा तासभर उशिरा आली. डोळे खोल गेलेले. येताच ती मागच्या संडासाकडे गेली. परत आली, अप्पांचं पाणी गरम करायला ठेवलं आणि पुन्हा गेली. मी साडी नेसत होते.

“गौरव्वा, बरं नाही का?”

“एन आगंगिल्ल, बिड्री,” ती म्हणाली. काही होत नाही, सोडा.

मी घड्याळ पाहिलं. हे लोंढ्याला होते. शाळेत त्या दिवशी तपासणी होती. कॉलराची लक्षणं मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवली होती. मी म्हटलं, “जपून हं,” आणि निघाले.

पाच वाजता परत आले तर अप्पा स्वच्छ होते. चादर बदललेली, त्यांना डाव्या कुशीवर वळवलेलं, पाठीला उशी. उशाशी झाकलेल्या तांब्यात साखर-मिठाचं पाणी काठोकाठ भरलेलं. अप्पांना लागण झाली तर हाताशी असावं म्हणून. ती स्वतः मागच्या पडवीत फरशीवर पडली होती, अप्पांच्या खोलीपासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर. मी तिचा हात धरला. बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. हाक मारली तर ओठ हलले, आवाज आला नाही.

शेजारच्या कमलाबाईंना अप्पांजवळ बसवलं आणि टांगा करून तिला दवाखान्यात नेलं.

दोन्ही हातांना सलाइन लावलं. डॉक्टरबाई स्वतः बाटल्या बदलत होत्या. अंधार पडायच्या सुमाराला नाडी लागली. मला आत जाऊ देईनात. बाहेरच्या बाकावर मी बसून होते. माझ्यासारखी दहा-बारा माणसं होती.

शुक्रवारी सकाळी गौरव्वा शुद्धीवर होती. मला बघून तिने आधी विचारलं, “अप्पांची कूस कोण बदलतंय?”

“हे आलेत सकाळीच. रजा घेतली.”

“त्यांना सांगा, टाच बघायची.”

मग मी विचारलं, जे मला रात्रभर सलत होतं. “अप्पांसाठी एवढं पाणी केलंस. तू का नाही प्यालीस?”

“प्याले की. मीठ घालून प्याले.”

“नुसतं मीठ? आणि साखर?”

“साखर रेशनची, अक्का. डब्यात थोडीच होती. अप्पांना लागली असती. आणि तुम्ही घरात नव्हता. विचारल्याशिवाय कशी घेऊ?”

तीन वर्षं ती माझ्या घरात वावरत होती. घराची किल्ली तिच्याकडे होती. माझ्या सासऱ्यांचा जीव तिच्या हातात दिलेला होता. आणि साखरेच्या डब्याला हात लावायचा तर विचारावं लागतं, हे तिला कुणी शिकवलं होतं? मी तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. पण डबा वरच्या फळीवर मीच ठेवत असे.

शनिवारी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. जुलाब थांबले होते, कॅप्सूल सुरू होत्या. “पण कालपासून लघवी झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “रक्तातला युरिया फार वाढलाय. ह्याला रीनल फेल्युअर म्हणतात. मूत्रपिंडांना बराच वेळ रक्तच पोचलं नाही, त्यामुळे ती बंद पडली आहेत.”

“परत सुरू होतील?”

“होतात कधीकधी. रक्त धुवायचं मशीन असतं, ते इथे नाही. मुंबईला न्यावं लागेल, आणि ती प्रवासात टिकायची नाही. आपण वाट बघू.”

मी विचारलं, “सकाळी आणलं असतं तर?”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. “ते आता विचारू नका,” त्या म्हणाल्या.

कलघटगीला निरोप धाडला होता. रविवारी मल्लव्वा आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, म्हणून तिला वॉर्डात सोडेनात. मी बाहेर बाळाला घेऊन बसले, तेव्हा ती आत गेली. परत आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, “अव्वाचं तोंड सुजलंय. ओळखलं मला. तुम्ही जेवलात का, विचारायला सांगितलंय.”

मी बाळाच्या डोक्यावर तोंड टेकवलं.

सोमवारी गौरव्वाला धाप लागली. बोलणं तुटक झालं. मी खाटेजवळ उभी होते. ती अंगावरची चादर बोटांनी चाचपत होती, सारखी, सुरकुती काढत असल्यासारखी. मी म्हटलं, “गौरव्वा, मला माफ कर.” तिने माझ्याकडे पाहिलं, पण ऐकू गेलं की नाही कोण जाणे. अकराच्या सुमाराला ती गेली.

साथीच्या रोग्याचं शव घरी देत नसत. कमरीपेठेतली दोन माणसं आणि हे स्मशानात गेले. मल्लव्वा आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “त्या दिवशी सकाळी अव्वानं काही खाल्लं होतं का?”

मला माहीत नव्हतं. अप्पांनी त्या दिवशी किती घास खाल्ले ते मी सांगू शकले असते, गौरव्वा ते रोज एका वहीत लिहून ठेवायची. तिचं मला काहीच माहीत नव्हतं.

अप्पांना मी त्याच दुपारी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, चार दिवस ते दाराकडे बघत होते. ते रडले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत काढू दिली नाही.

महिनाभराने डॉक्टरबाई पुन्हा आल्या. आणखी बायका शिकायला तयार होत्या. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग या वेळी तुम्हाला जे सांगायचं राहिलं होतं ते सांगा. मी ऐकते.”

दुसऱ्या वेळचा पहिला दिवस मी रोग्याबद्दल बोललेच नाही. पोट बिघडलं तर कामावर जायचं नाही. कुणाच्याही घरात असाल, तर त्या घरातलं आधी स्वतः प्यायचं, मग सांगायचं. दोघी-दोघींची जोडी, रोज संध्याकाळी एकीने दुसरीच्या दारात जाऊन यायचं. ज्या घरांत त्या कामाला जायच्या, तिथे मी आणि डॉक्टरबाई गेलो आणि घरमालकिणींनाही हे सांगितलं. काहींनी ऐकलं. काही म्हणाल्या, मग आमच्या माणसाकडे कोण बघणार? त्यांना मी काय बोलणार? महिन्यापूर्वी मी त्यांच्यातलीच होते.

आमच्याकडे निंगव्वा येऊ लागली. अप्पा अजून दोन वर्षं जगले. एके दिवशी सकाळी निंगव्वाचा चेहरा मला उतरलेला दिसला. मी तिची पिशवी काढून घेतली, तिला माझ्या पलंगावर निजवलं, शाळेत चिठ्ठी पाठवली आणि पाण्याचं भांडं घेऊन तिच्याजवळ बसले. पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. तिला हसूच आवरेना.

“काही नाही हो, अक्का. शेजारी लग्न होतं, झोप झाली नाही नुसती.”

ती उठून अप्पांकडे गेली. तिचा आणि अप्पांचा काहीतरी संवाद चालला होता, ती बोलत होती आणि ते हुंकार देत होते. मी त्या पलंगावर तशीच बसून राहिले आणि गौरव्वा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडले.