पिंडारीच्या वाटेवरचा कच्चा भात

आमचे हे गडचिरोलीच्या जंगल कचेरीत कारकून होते. मी साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा भिंतीवर पिंडारी हिमनदीचा फोटो पाहिला आणि ठरवलं, इथे जायचं. दोन वर्षं मी तयारी केली. कोणती गाडी, अल्मोड्याच्या पुढे कोणत्या मुक्कामी कोणता डाक बंगला, कोणाच्या पिशवीत काय, सगळं वहीत. धानाच्या रोवणीआधी परत यायचं, म्हणून मे महिना.

थोरल्या जाऊबाई बरोबर येणार हे मात्र वहीत नव्हतं. सिंदेवाहीहून सासूबाईंनी त्यांना परस्पर जोडून दिलं. आमचं लग्नापासून पटत नव्हतं. मी सगळं लिहून ठेवते याचं त्यांना हसू येई. त्या काहीच न लिहिता बिनघोर असत याचा मला राग येई.

तांदूळ मी घरच्या बांधीतला, आमच्याच धानाच्या शेतातला घेतला, तिघांना पुरेल इतका, मोजून. आमच्याकडे भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. कणीक घेतलीच नाही, ओझं कशाला?

शेवटच्या आधीच्या बंगल्यावर चौकीदार म्हणाला, "माताजी, ऊपर चावल नहीं गलेगा. आटा लेते जाइए." त्याच्या कोठीत पिठाचं पोतं होतं. मला वाटलं, याला पीठ खपवायचं आहे. मी त्याला सुनावलं, भातखाऊ लोकांना भात शिकवू नकोस. जाऊबाईंनी माझ्यासमोर त्याच्याकडून दोन शेर पीठ घेतलं. मी म्हटलं, "हमालाच्या ओझ्यात ते बसणार नाही. तुमचं तुम्ही वाहा." त्यांनी वाहिलं.

शेवटच्या बंगल्यावर मी भात चढवला. पाणी खळखळ उकळत होतं आणि शीत दाबलं की आत टणक. तास गेला, लाकडं संपत आली. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही, हे मला फार पुढे कळलं. उरलेल्या विस्तवावर जाऊबाईंनी पोळ्या भाजल्या. ह्यांनी माझ्याकडे न पाहता चार खाल्ल्या. जाऊबाईंनी माझ्यापुढेही एक धरली, मी ताट मागे ओढलं. ताटातला कच्चा भात मी चावून चावून संपवला, आणि पातेल्यात उरलेला सकाळीही खाल्ला.

तिथून हिमनदीचं तोंड दीड-दोन कोस. निम्म्या वाटेवर पोटात अशी कळ आली की दगडावर बसले ती उठवेना. हे म्हणाले, सगळेच परत फिरू.

"तिच्यापायी आपण काऊन फिरायचं?" जाऊबाई म्हणाल्या. "दोन वर्षं लिहून राह्यली होती ते. पोटदुखी लिहाची राह्यली असन."

हे हसले. त्यांचं ते हसणं मी विसरलेले नाही. मग दोघं पुढे गेली आणि हमालाने मला धरून खाली बंगल्यावर आणलं.

दुपारी दोघं परतली. जाऊबाईंच्या हातात माझाच पितळी डबा होता, बर्फाच्या खड्यांनी भरलेला. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"घे. याच्या पाण्यात शिजव आता तुहा तांदूळ."

मी डबा पायरीखाली उपडा केला, पुसला आणि पिशवीत भरला.

मी ह्यांच्याकडे आणखी एक दिवस मागितला. उद्या एकटी हमालाबरोबर जाऊन येईन म्हटलं. ह्यांची रजा संपत होती आणि बंगल्यावर दुसरी मंडळी येणार होती. "दिवस तूच बसवलेत," एवढंच ते बोलले आणि पांघरुणाची घडी करू लागले.

दुसऱ्या दिवशी उतरताना एका वळणावर दोघंही थांबली. तिथून मागे वरचा बर्फ दिसतो म्हणे. जाऊबाई साध्या आवाजात म्हणाल्या, "पाह्य ना वो, इथून दिसते. तेवढं तरी पाह्य."

त्यांनी दाखवलेलं मला नको होतं. मी मान वळवली नाही. हमालाला म्हटलं, चल, ऊन चढायच्या आत पुढचा बंगला गाठायचा आहे.