चाचांचं चुकणं

इतक्या वेळा चुकूनही एकदाही खोटा न ठरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला चारचौघांत खोटं पाडण्याचा उद्योग मी केला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही हसतखेळत लिहीन, त्याच्या तळाशी हे आहे.

आम्ही त्यांना पडेगावचे चाचा म्हणायचो. आम्ही म्हणजे जॅझ ऐकणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तेव्हा मराठवाड्यातल्या आमच्या शहराचं नाव अजून बदललं नव्हतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. अशा गावात सॅक्सोफोनवर वाद घालणारी माणसं असतील यावर माझ्या बायकोचा विश्वास नव्हता, म्हणून मी ती शोधून शोधून गोळा केली. सिडकोतला एक डेंटिस्ट, दोन प्राध्यापक, पुण्याला गेलेली एक मुलगी, असे करत ग्रुप भरला. मी अ‍ॅडमिन होतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासनीस आहे. दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढणं हीच माझी नोकरी. ग्रुपवरही मी तेच करायचो. कुणी रेकॉर्डिंगचं साल चुकवलं की मी लगेच दुरुस्त करायचो, आणि लोक अंगठा दाखवून गप्प व्हायचे. त्या अंगठ्यांना मी आदर समजत होतो.

चाचा उर्दू शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना टाइप करणं जमायचं नाही, त्यामुळे सगळं आवाजी निरोपातून. प्रत्येक निरोपाची सुरुवात सलाम, नमस्कार आणि पाण्याच्या बातमीने व्हायची. ‘सलाम वालेकुम, नमस्कार, आज पडेगावात टँकर आला नाही. हां, तर हा जो पियानोवाला आहे...’ असं. ग्रुपवर फक्त जॅझबद्दल बोलावं हा नियम मी त्यांना तीनतीनदा पाठवला. त्यावर त्यांनी नम्रपणे विचारलं, की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड असेल तर ते संगीतात धरायचं की भूगोलात. एकदा ते बास वाजवणाऱ्याबद्दल फार सुंदर काहीतरी सांगत होते. मध्येच ‘थांबा, टँकर आला’ म्हणून धावले आणि फोन बंद करायला विसरले. पुढे कितीतरी वेळ पाइपातून पडणारं पाणी, हंड्यांचा खणखणाट, नंबरावरून दोन बायकांचं भांडण आणि मधूनच चाचांचं ‘अहो ताई, एक हंडा त्यांना, एक तुम्हाला’ एवढंच ऐकू येत होतं. मी तो निरोप काढून टाका म्हणालो. पुण्याच्या मुलीने लिहिलं, की या आठवड्यात ग्रुपवर आलेलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग हेच.

जॅझ त्यांच्यापर्यंत कसं आलं तेही ऐकण्यासारखं आहे. चाचांचा भाऊ खुलताबादहून वेरूळपर्यंत टुरिस्टांची जीप चालवायचा. एक परदेशी माणूस जीपमध्ये पिशवी विसरून गेला. तिच्यात तीन कॅसेटी होत्या. ही अमानत आहे, माणूस परत येईल, म्हणून चाचांनी त्या जपून ठेवल्या. वर्षभराने खराब तर झाल्या नाहीत ना हे बघायला एक लावली, आणि मग तीस वर्षं लावतच राहिले. पण ऐकून झालं की कॅसेट उलटी फिरवून, मालकाने जिथे थांबवली होती त्याच जागी आणून ठेवायची. तो आला आणि पुढचं ऐकायला लागला तर त्याची जागा चुकायला नको. कॅसेटींवर काहीही लिहिलेलं नव्हतं. कोण वाजवतोय हे कळावं एवढ्याचसाठी ते ग्रुपमध्ये आले होते. त्यांनी टेपसमोर फोन धरून एक तुकडा पाठवला, तेव्हा आम्ही चौघांनी चार नावं सांगितली, चारही कधीच मेलेल्या वादकांची, आणि आठवडाभर भांडलो. टेप इतकी ताणली गेली होती की खरं कुणालाच सांगता आलं नाही. चाचांनी चौघांचेही आभार मानले आणि म्हणाले, चारही जणांसाठी दुआ करतो, ज्याची असेल त्याला पोचेल.

मेलेल्या माणसांबद्दल त्यांचं वागणं असंच असायचं. एक ट्रंपेटवाला ऐन तारुण्यात गेला हे मी एकदा सहज माहिती म्हणून लिहिलं. तो जाऊन साठ वर्षं तरी झाली असतील. चाचा तीन दिवस ग्रुपवर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी विचारलं, ‘मुलंबाळं होती का? घरच्यांना कोण बघतं आता?’ डेंटिस्टने हसणारी चित्रं टाकली. मीही टाकली.

शनिवारी दुपारी ग्रुपवर ‘ओळखा पाहू’ असायचं. मी एक तुकडा टाकायचो, बाकीच्यांनी वाजवणारा ओळखायचा. चाचा एकदाही बरोबर आले नाहीत. ते नाव सांगायचेच नाहीत मुळी, माणूस सांगायचे. ‘हा आत्ताच कुणाशी तरी भांडून आलाय आणि चूक त्याचीच आहे.’ ‘याचे बूट नवीन आहेत, चावतायत.’ ‘याच्याकडे पश्चिमेकडून ढग येतात, गडगडतात, पण पडत नाहीत, आमच्या मराठवाड्यासारखा माणूस आहे.’ मी उत्तर जाहीर करायचो: साल, गाव, बाकीचे वादक, सगळं अचूक. माझं उत्तर लोक वाचायचे न वाचायचे. चाचांचा निरोप मात्र सगळे पुन्हा पुन्हा ऐकायचे. एखाद्या शनिवारी त्यांना उशीर झाला तर डेंटिस्ट लिहायचा, चाचा आल्याशिवाय उत्तर फोडू नका. मला हे लागायला लागलं. पन्नाशीच्या माणसाला एका म्हाताऱ्याचा असा हेवा वाटावा हे लिहितानाही मान खाली जाते.

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. बीड बायपासकडे आमच्या इमारतीच्या मागे आणखी एक इमारत उठत होती, आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये राखणदार राहायचा. तो लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्या वर्षी लोक लग्नं देवळात उरकत होते, वरात नाही, बँड नाही. तो दुपारी शेडच्या सावलीला बसून एकटाच वाजवायचा. मी गॅलरीत उभा राहून ऐकायचो. आवडायचं, हेही खरं. एका दुपारी मी फोन बाहेर धरून ते रेकॉर्ड केलं, जुन्या तबकडीसारखी खरखर त्यावर चढवली, आणि शनिवारी ‘अतिशय दुर्मिळ’ म्हणून टाकलं.

प्राध्यापकांनी अमेरिकेतली नावं सुचवली. चाचांचा निरोप आला. पाण्याची बातमी नव्हती, सलामही नव्हता. म्हणाले, ‘हा माणूस खाली बसून वाजवतोय. समोर कुणी नाही त्याच्या. याला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही की बाबा, तू चांगला वाजवतोस. अ‍ॅडमिनसाहेब, या वेळेला मी हरलो म्हणा, पण नाव सांगा. याचं नाव मला पाहिजे.’

मी लिहिलं, की हा महान कलाकार आमच्या बिल्डिंगच्या मागचा वरातीतला बँडवाला आहे. ग्रुप हसण्याच्या चित्रांनी भरून गेला. खुद्द प्राध्यापकही स्वतःवर हसले. चाचांनी कधी नव्हे ते टाइप केलं, एकच शब्द: ‘नाव?’ मी उत्तर दिलं, ‘बँडवाल्याला कसलं नाव, चाचा.’

थोड्या वेळाने ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मी स्वतःला सांगितलं की म्हातारा चेष्टेने दुखावला, येईल परत. ते आले नाहीत. शनिवारचा खेळ दोनचार आठवडे ओढला. मी तुकडे टाकत होतो, लोक अंगठे दाखवत होते. पुण्याची मुलगी काही न बोलता निघून गेली. मग पावसाळा आला तसा गेला, मागच्या इमारतीचं काम पाण्याअभावी बंद पडलं आणि शेडही रिकामी झाली.

एक दिवस आमच्या सोसायटीच्या वॉचमनने गेटवर थांबवलं. ‘साहेब, ते म्हातारे चाचा तुमच्याच वळखीचे ना? तुमचं नाव सांगून बिल्डिंग इचारत आले. मागच्या शेडमधल्या वाजवणाऱ्याला हुडकत येत्यात. दोनदा येऊन गेले.’

मी विचारलं, वर का नाही पाठवलंस.

‘म्या म्हनलं की. तर म्हनले, नको, त्यांना कशाला तरास.’

पडेगावहून बीड बायपास म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं. दोन रिक्षा बदलून, त्या उन्हात. पुढच्याच रविवारी मी पडेगावला गेलो आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. एकाच शहरात राहून इतकी वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होतो. दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागणाऱ्या, लुकड्या माणसाने. त्यांनी मला बसवलं आणि तांब्या-पेला आणला. पेला काठोकाठ भरला. त्या दिवसांत पाहुण्याला अर्धा पेला द्यायची पद्धत पडली होती आणि तिचं कुणाला काही वाटत नसे.

मी माफीचं बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

‘माझी कशाची माफी, मियाँ. मी तर दर शनिवारी चुकायचो. मजा यायची.’ मग त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. ‘तीस वर्षं एका माणसाला ऐकतोय. त्याचं नाव मला माहीत नाही. तो सात समुद्रांपलीकडचा, मेलेला, माझा नाइलाज आहे. पण हा तर तुमच्या खिडकीखाली होता, साहेब. तुम्ही जिना उतरून खाली का नाही गेलात?’

मी पेला रिकामा केला आणि उठलो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या इमारतीच्या मुकादमाच्या मागे लागलो. तो दुसऱ्या साइटवर सापडला. म्हणाला, साळुबा होय, पिशोरचा, धनगराचा. काम बंद झालं तसा गावाकडे गेला, तिकडे जनावरांच्या छावणीवर असेल. मी चाचांना फोन करून नाव सांगितलं. पलीकडून त्यांनी ते हळूच दोनदा म्हटलं. मग म्हणाले, उद्या निघू.

पिशोरच्या अलीकडे माळावर चारा छावणी होती. गावोगावची जनावरं दावणीला, वर हिरवी जाळी, आणि सगळीकडे उसाच्या वाड्यांचा, त्या हिरव्या शेंड्यांचा, वास. साळुबा चारा वाटत होता. चाळिशीचा असेल. चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले. कुठे सूर लांबवला, कुठे मोडून पुन्हा जोडला, कुठे श्वास चोरला, आणि तो चोरलेला श्वास त्यांना किती आवडला. एकदाच ऐकलेल्या तुकड्यातलं सगळं. साळुबा आधी हसला, मग वाड्यांची पेंढी खाली ठेवून ऐकत राहिला. चाचांनी विचारलं, आता वाजवतोस ना?

‘नाय, चाचा. मालकाचं वाजंतर व्हतं. बँड मोडला, देऊन टाकलं.’

चाचांनी मान हलवली. ज्याला ऐकायला ते शहरभर फिरले, त्याला ते कधीच ऐकणार नव्हते. मी मागे उभा होतो. साळुबाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘तुमी त्या गॅलरीतले साहेब का? रोज दुपारचं हुभं ऱ्हायचे? म्या बघायचो ना खालून. म्हनलं कुनीतरी ऐकतंय. म्हून तर लई येळ वाजवायचो. न्हाईतर एवढ्या उन्हात कोन वाजवतंय.’

चाचा तोंड फिरवून जनावरांकडे बघत राहिले. एक म्हैस रिकामी पाटी चाटत होती. एका वाक्यात त्या दोघांना पुरेल असं काही मला सुचेना, म्हणून जे झालं होतं तेच सांगितलं.

‘साळुबा, मी तुमचं वाजवणं तुम्हाला न विचारता रेकॉर्ड केलं आणि लोकांना हसायला दिलं. यांनी तुमचं नाव विचारलं, तर बँडवाल्याला कसलं नाव असं म्हणालो. मला ते आवडत होतं, तरी खाली येऊन कधी सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा. चाचा, तुम्हीही.’